साडेअकरा पौंड

४ जून १९१३. बडोदा संस्थानच्या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यासमोर बावीस वर्षांच्या एका तरुणाने करारनाम्यावर सही केली. भीमराव रामजी आंबेडकर, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून नुकताच बी.ए. झालेला. करारातली देवघेव सरळ होती. संस्थान त्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार आणि तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड देणार. त्याने तिथे ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायची.

तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे साडेअकरा पौंडांचे महिना १७२ रुपये आठ आणे. मुंबईत एवढ्या पैशांत एखादं घर सुखाने चाललं असतं. न्यूयॉर्कमध्ये त्याचे जेमतेम ५६ डॉलर होत. त्यात खोली, खाणावळ, कपडे आणि पुस्तकं भागवायची आणि परळच्या चाळीत मागे राहिलेल्या माणसांसाठीही काही बाजूला काढायचं. वडील चारच महिन्यांपूर्वी, २ फेब्रुवारीला गेले होते.

आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाची गोष्ट मराठीत पुष्कळदा सांगितली गेली आहे. तीत पदव्या असतात, प्राध्यापक असतात, ग्रंथालयात घालवलेले अठरा-अठरा तास असतात. मला कुतूहल आहे ते करारनाम्याचं. परदेशी शिकायला पैसे कोण देतं आणि त्या बदल्यात काय लिहून घेतं? बडोद्यातल्या त्या सहीच्या आधी पन्नास वर्षं आपल्याकडची हुशार, फाटक्या खिशाची मुलं हाच प्रश्न घेऊन उंबरे झिजवत होती. प्रत्येक उंबऱ्यावरची अट वेगळी होती.

पहिला मोठा उंबरा मुंबईच्या शेटजींचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला. १८६४ मध्ये, याच पावसात, सर जमशेटजी जीजीभाईंचे चिरंजीव रुस्तमजी यांनी दीड लाख रुपये देऊ केले. हिंदुस्थानातल्या पाच तरुणांनी विलायतेत जाऊन बॅरिस्टर व्हावं, यासाठी. मुंबईहून निवड झाली फिरोजशहा मेहतांची आणि कलकत्त्याहून व्योमेशचंद्र बॅनर्जींची. पुढे हे दोघेही काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि बॅनर्जी तर पहिलेच. हे पैसे किती योग्य हाती पडले होते ते त्यावरून कळतं.

पण ज्या पावसावर ही शिष्यवृत्ती उगवली होती तोच थांबला. १८६५च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. बॅकबेची खाडी भरून काढायला निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता. त्याला रद्दीची किंमत आली. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता, आणि त्या दिवसानंतर मुंबईतल्या बड्या बड्या पेढ्या एकामागोमाग एक बुडाल्या. रुस्तमजीही बुडाले. फिरोजशहा तेव्हा लंडनमध्ये होते. दात्याचंच दिवाळं वाजलं, तरी त्यांनी शिक्षण नेटाने पुरं केलं आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. शेटजींनी विद्यार्थ्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं. या शिष्यवृत्तीला एकच अट होती, ती कुणाच्या हाती नव्हती: कापूस चढा राहिला पाहिजे.

त्याच १८६८ साली व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांच्या सरकारने शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. संख्या नऊ, रक्कम वर्षाला २०० पौंड, मुदत तीन वर्षं. सर सय्यद अहमद खानांचे चिरंजीव सय्यद महमूद याच शिष्यवृत्तीवर १८६९ मध्ये इंग्लंडला गेले. मुलाला सोडायला म्हणून सर सय्यदही बरोबर गेले आणि अलीगढच्या कॉलेजची कल्पना घेऊन परत आले. सरकारने योजना थोड्याच काळात गुंडाळली, ती पुन्हा सुरू झाली १८८०च्या दशकात, वर्षाला अवघ्या दोन जागांवर. साऱ्या हिंदुस्थानात दोन! त्यातली एक दापोलीजवळच्या मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी पटकावली. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गणित करून १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले, आणि गावोगावच्या मराठी माणसाला ‘रँग्लर’ हा शब्द पाठ झाला. असा माणूस सरकारात गेला असता तर पगाराला सुमार राहिला नसता. परांजपे परत आले ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, आजीव सदस्य म्हणून, दरमहा ७५ रुपयांवर. शिष्यवृत्ती सरकारची आणि बांधिलकी मात्र पुण्यातल्या एका शिक्षण संस्थेशी, असा हा दुहेरी व्यवहार होता आणि तो त्यांनी दोन्ही बाजूंनी चोख पाळला.

ही झाली पुरुषांची गोष्ट. बाईने हात पसरला की समोरचा काय मागतो, ते गोपाळराव जोश्यांना फार लवकर कळलं. कोल्हापुरात पोस्टात असताना, १८७८च्या सुमारास, त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत नेलं तर तिची आणि माझी काही सोय लागेल का? वाइल्डरनी ते पत्र आपल्या उत्तरासह ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकात छापलं. उत्तराचा मथितार्थ असा की ख्रिस्ती व्हाल तर वाट सोपी होईल. तिथेच ते प्रकरण मिटायचं. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती मासिकाचा तो अंक पडला, आणि त्यांनी परक्या देशातल्या त्या अनोळखी मुलीला, गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाईंना, आपणहून लिहिलं. पत्रांतून मावशी-भाचीचं नातं जुळलं. धर्म बदलण्याचा विषय न काढता घराचं दार उघडणारं माणूस आनंदीबाईंना असं भेटलं.

घर मिळालं, पण आगबोटीच्या भाड्याचं काय? आनंदीबाईंनी बांगड्या विकल्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात, गोऱ्या-काळ्या पाहुण्यांनी भरलेल्या सभेत, त्या इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. आपण डॉक्टर व्हायला का जातो आहोत ते त्यांनी सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीर केलं. वय वर्षं सतरा. त्या सभेकडे निव्वळ धाडसी भाषण म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. मदतीसाठी धर्म सोडावा लागेल, या वाइल्डरच्या जुन्या अटीला ते चार लोकांसमोर दिलेलं उत्तर होतं. भाषणाचा बोलबाला झाला आणि पोस्ट खात्याचे वरिष्ठ अधिकारी जेम्स यांनी स्वतःचे शंभर रुपये घालून फंड उघडला. ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचल बॉडली यांनी त्यांना सामावून घेतलं. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही ठरली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, कामावर रुजू होण्याआधीच, त्या पुण्यात वारल्या.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या. त्यांनी फंड उघडला नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं मराठी पुस्तक लिहिलं, ते विकलं आणि त्या पैशातून बोटीचं तिकीट काढलं. मराठी पुस्तकाच्या विक्रीवर विलायतेचा प्रवास! आज एखाद्या मराठी लेखकाला हे सांगितलं तर तो हसेल. पुढची सोय मात्र वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे होती आणि त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. हा त्यांच्या स्वतःच्या मनाचा कौल होता, मदतीची किंमत म्हणून दिलेलं काही नव्हतं, असं त्यांच्या नंतरच्या सगळ्या वागण्यावरून दिसतं. तिथल्या धर्मगुरूंशी त्या ज्या ठामपणे भांडल्या तशी ऋणाखाली दबलेली बाई भांडत नाही. महाराष्ट्राने मात्र तो हिशेब दुसऱ्याच वहीत लिहिला.

१८९२ मध्ये जमशेटजी नसरवानजी टाटांनी सगळा मामलाच व्यापारी भाषेत मांडला. त्यांच्या फंडाने विद्यार्थ्याला दान दिलं नाही, कर्ज दिलं. जा, शिका, कमवायला लागलात की व्याजासकट फेडा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला देता येईल. घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि फंड आटत नाही. पहिल्या कर्जदारांत दोन स्त्री-डॉक्टर होत्या. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. आनंदीबाईंची वाट पाहत राहिलेलं कोल्हापूरचं रुग्णालय पुढे कृष्णाबाईंनी सांभाळलं. टाटांच्या या कर्जावर इतके जण विलायतेला गेले की १९२४ पर्यंत आय.सी.एस.मधल्या दर पाच हिंदी अधिकाऱ्यांपैकी दोघे टाटांचे शिष्यवृत्तीधारक होते असं सांगतात.

नेमकं हेच श्यामजी कृष्णवर्म्यांच्या डोक्यात गेलं असावं. हुशार मुलं विलायतेला जातात आणि इंग्रजांचे अंमलदार होऊन परततात! ऑक्सफर्डला शिकलेल्या, संस्थानांच्या दिवाणगिऱ्या केलेल्या आणि व्यापारात पैसा कमावलेल्या या कच्छी पंडिताने १९०५ मध्ये लंडनच्या हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ उघडलं आणि दोन-दोन हजार रुपयांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांची अट सरकारी शिष्यवृत्तीच्या नेमकी उलटी होती. हे पैसे घेणाऱ्याने परतल्यावर इंग्रज सरकारची नोकरी, पगार, मानमरातब काहीही घ्यायचं नाही. पॅरिसचे जवाहिरे सरदारसिंह राणा यांनी त्यात आणखी शिष्यवृत्त्यांची भर घातली. त्यातल्या एकीला शिवाजी महाराजांचं नाव होतं. ती टिळकांच्या शिफारशीवर विनायक दामोदर सावरकरांना मिळाली. उरलेल्या खर्चाचा भार सासरे भाऊराव चिपळूणकरांनी उचलला. ९ जून १९०६ रोजी सावरकर मुंबईहून बोटीत बसले. बॅरिस्टरीची परीक्षा त्यांनी दिली, पण ग्रेज इनने त्यांना सनद दिली नाही. सरकारी नोकरी न करण्याची अट मोडण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नाही.

असा हा बाजार होता. कुणी कापसाच्या भावावर शिकवत होतं, कुणी सरकारनिष्ठेच्या आशेवर, कुणी धर्माच्या, कुणी व्याजाच्या, तर कुणी बंडाच्या. या सगळ्यांत संस्थानिकांची रीत मला सगळ्यात रोखठोक वाटते. त्यांना राज्य चालवायला माणसं हवी होती. सयाजीराव गायकवाड नाशिककडच्या कवळाण्याचे. शेतकऱ्याच्या घरातून दत्तक येऊन गादीवर बसले होते. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा त्याची चर्चाही धड होत नव्हती. त्याच वर्षी ते अमेरिका पाहून आले होते. तिथली विद्यापीठं त्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजपेक्षा कामाची वाटली असतील, तर नवल नाही.

आंबेडकरांना बडोद्याचा पहिला आधार कृष्णाजी अर्जुन केळुसकरांमुळे मिळाला होता. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा तेच त्याची शिफारस घेऊन सयाजीरावांकडे गेले, आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. बी.ए. झाल्यावर भीमरावाने बडोद्याच्या लष्करात लेफ्टनंटची नोकरी धरली ती या उपकाराची फेड म्हणूनच. पण काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि तो मुंबईला परतला. मग महाराज मुंबईत असताना त्यांची गाठ पडली आणि अमेरिकेची गोष्ट निघाली.

त्या भेटीचा एक प्रसंग चरित्रांतून येतो. महाराजांनी विचारलं, कोणते विषय शिकणार? समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थकारण, असं उत्तर आलं. त्याचं पुढे काय करणार? तर, आपल्या समाजाची सुधारणा कशी करायची त्याचा मार्ग शोधणार. त्यावर महाराजांनी हसत विचारलं, मग आमची नोकरी कधी करणार? प्रश्न गमतीचा, पण करारातला सगळा पेच त्यात आला होता. देणाऱ्याला अधिकारी हवा होता. घेणाऱ्याला दुसरंच काही करायचं होतं, आणि हे दोघांनाही सही होण्याआधीच माहीत होतं. तरीही सही झाली याचं श्रेय सयाजीरावांना द्यायला हवं.

१९१३च्या जुलैत आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. सुरुवातीला हार्टली हॉलमध्ये, मग कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तिथे नवल भथेना नावाचा पारशी तरुण भेटला. हे नाव लक्षात ठेवावं, पुढच्या दहा वर्षांत पैशाची अडचण पुन्हा पुन्हा याच माणसाच्या दारात जाते. सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थकारणातलं मोठं नाव, ड्यूई तत्त्वज्ञानातलं. त्यांच्या वर्गांत बसून आंबेडकरांनी १९१५ मध्ये एम.ए. केलं, ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध पुरा केला. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाई. न्यूयॉर्क सोडताना त्यांच्याकडे सुमारे दोन हजार पुस्तकं जमली होती. छप्पन डॉलरांत हे कसं बसवलं, याचा हिशेब मला आजवर जमलेला नाही.

मुदत जून १९१६ मध्ये संपली. लंडनमध्ये आणखी शिकायचं म्हणून मुदतवाढीची पत्रं बडोद्याला गेली. आंबेडकरांनी ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरात ग्रेज इनमध्ये नाव घातलं. एक वर्षही पुरतं झालं नाही तोच बडोद्याच्या दिवाणांचं बोलावणं आलं. पैसे थांबले. हाती होती ती फक्त विद्यापीठाची परवानगी, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परतलात तर अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे सुरू करता येईल. सामान त्यांनी बोटीने पुढे पाठवलं आणि स्वतः रेल्वेने मार्सेल्सला जाऊन ‘कैसर-इ-हिंद’ बोट पकडली. महायुद्धाचे दिवस होते. सामान नेणारी बोट पाणतीराने बुडाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले ते रिकाम्या हाताने.

आता करार पाळायचा तर बडोद्याला जायचं, आणि जायला पैसे नाहीत. ते आले बुडालेल्या सामानातूनच. थॉमस कूक कंपनीने नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये दिले. त्यातले काही घरात ठेवून उरलेल्या पैशांवर आंबेडकर नोकरीवर रुजू व्हायला निघाले.

पुढचं त्यांनी स्वतः इंग्रजीतल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. बडोद्यात नोकरी होती, ती महालेखापालांच्या कचेरीत. राहायला जागा मात्र नव्हती. हिंदूंच्या खाणावळीत अस्पृश्याला कोण घेणार? शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन ते राहिले. रात्री सगळी इमारत सुनी, वटवाघळं फडफडायची, आणि हे दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत जायला निघाले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लाठ्या घेतलेले डझनभर पारशी चालून आले होते. संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करायची होती. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती ओळखीच्यांकडे विचारून झालं, दोन्हीकडे दार बंद. एक म्हणाला, तू आलास तर नोकर सोडून जातील. दुसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास कोलंबियाहून एम.ए. होऊन आलेला तो माणूस कमाठी बागेत एका झाडाखाली बसून राहिला.

दहा वर्षांचा करार असा दिवसांवर आला. तो मोडला कुणी, हा प्रश्न मला पडतो. कागदावर पाहिलं तर आंबेडकरांनी. पण चाकरी करून घ्यायची तर चाकराला रात्री डोकं टेकायला जागा लागते. संस्थानाने करारात दोन्ही बाजूंची कलमं घातली, आणि ज्या गावात चाकरी करायची त्या गावाला मात्र त्या करारात गोवलं नाही. सयाजीरावांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांचा हुकूम कचेरीच्या फाटकापर्यंतच चालत होता आणि त्यापलीकडे गावाचं राज्य होतं.

यानंतर लंडनला जायचं ते स्वतःच्या पैशाने. चार वर्षांची मुदत तर सरत होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती सोडली. साधारण सोळा महिने झाले, सगळा पगार जसाच्या तसा ठेवला तरी साडेसात हजारांच्या वर जात नाही, आणि त्यात घर चालवायचं होतं. त्याच काळात त्यांचं ‘मूकनायक’ हे पत्रही निघालं, त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार दिले. मार्चात माणगावच्या परिषदेत महाराज स्वतः त्यांच्या शेजारी येऊन बसले. जुलै १९२० मध्ये आंबेडकर निघाले तेव्हाची शिदोरी अशी: स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे दीड हजार आणि नवल भथेनांकडून कर्जाऊ पाच हजार. या वेळी करारनामा नव्हता. भथेनांनी तर काही लिहून घेतलं असेल असंही वाटत नाही.

आणि इथे एक असा योग जुळून आला की कादंबरीत घातला तर लेखकाला कुणी माफ करणार नाही. आंबेडकर लंडनमध्ये ज्या प्रबंधावर काम करत होते त्याचा विषय होता रुपया. रुपयाचा पौंडाशी भाव कसा ठरतो, सरकार तो कसा धरून ठेवू पाहतं, आणि त्यात कोण भरडतं. ते निघाले त्या वर्षी सरकारने रुपया दोन शिलिंगांना बांधायचा हट्ट धरला होता. वर्ष संपण्याआधीच तो हट्ट सोडावा लागला. १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिशेब करून पाहा. दोन शिलिंगांच्या भावाने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात, सव्वा शिलिंगाने तीनशे बारा. ज्या विनिमयाची आकडेवारी ते दिवसभर ग्रंथालयात उतरवून घेत होते, तोच विनिमय रात्री त्यांच्या ताटातला घास काढून घेत होता. १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले, परतल्यावर व्याजासह फेडण्याच्या बोलीवर. कारण दिलं ते हेच, रुपयाचा भाव घसरल्याचं.

ताटातला घास हे उगाच म्हटलेलं नाही. घरमालकीण खमकी होती. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि एक पेला बोव्हरिल. मग ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बैठक. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की कुणा ओळखीच्याने दिलेल्या पापडांच्या गठ्ठ्यातले चार पापड तव्यावर भाजायचे, सोबत बोव्हरिल, की पुन्हा वाचन. त्या काळात ते राहत ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा क्रमांकाचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. त्या घराच्या आजच्या किमतीत १९२१ सालचे किती विद्यार्थी शिकले असते हा हिशेब मी करणार नाही.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. २८ जून १९२२ रोजी बॅरिस्टरी मिळाली. रुपयावरचा प्रबंध ऑक्टोबरात सादर झाला, पण परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहायला सांगितलं. ते लिहायला लंडनमध्ये थांबायला पैसा नव्हता. ३ एप्रिल १९२३ रोजी आंबेडकर मुंबईत उतरले आणि प्रबंध इथे बसून दुरुस्त करून पाठवला. नोव्हेंबरात डी.एस्सी. मिळाली. मधल्या काळात मुंबई हायकोर्टात वकिलीची सनद घ्यायची होती आणि तिच्या शुल्कालाही पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेना.

हा सगळा जमाखर्च त्यांच्या मनात कायम राहिला असावा. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी देशात शिकणाऱ्यांना वर्षाला दोन लाख आणि परदेशी विद्यापीठांत जाणाऱ्यांना वर्षाला एक लाख रुपयांची मागणी होती. बडोद्याच्या १९१३ सालच्या दराने एका लाखात अठ्ठेचाळीस विद्यार्थी बसतात.

कोलंबियाच्या पीएच.डी.चं मात्र एक अडलेलं काम राहिलं होतं. तिथला नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी हाती पडत नाही. अभ्यास १९१७ पूर्वीचा, पण छपाईला पैसा लागतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थकारणाच्या वाढीवरचं ते पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग अँड सन कंपनीने १९२५ मध्ये काढलं. प्रस्तावना सेलिग्मनची. पदवी मिळाली १९२७ मध्ये, पहिल्या सहीनंतर चौदा वर्षांनी. बडोद्याच्या दहा वर्षांच्या चाकरीचे दिवस तोवर उलटत आले होते, आणि त्यातले मोजकेच बडोद्याच्या हाती लागले होते. पुस्तकाचं पहिलं पान उघडलं की अर्पणपत्रिका दिसते. ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना आहे, आपल्या शिक्षणात त्यांनी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून.